मॅकवरून आणलेली मराठी नावाची फाइल लिनक्सवर ‘नाही’ का म्हणते?

तुमची अडचण अशी, की मॅकवरून आणलेली ‘दुसऱ्या तिमाहीचा हिशोब’ सर्व्हरवर यादीत दिसते, पण नाव टाइप केलं की ‘अशी फाइल नाही’. शिवाय नावात कुठली चिन्हं टाळायची, हेही विचारलंय.

‘नावं इंग्रजीतच ठेवा’ हा सल्ला तुम्हाला दहा जणांनी दिला असेल. माझ्या मते तो शुद्ध आळस आहे. इथे गोम एकाच अक्षरात आहे: ऱ.

‘दुसऱ्या’मधला तो ऱ्य तीन प्रकारे साठवता येतो. पहिला, सलग ऱ: त्याचे बाइट ऑक्टलमध्ये (आठच्या पायाच्या आकड्यांत) ३४० २४४ २६१. दुसरा, साधा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब): ३४० २४४ २६० आणि ३४० २४४ २७४. तिसरा, र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह (३४२ २०० २१५). पडद्यावर तिन्ही सारखेच. पण पहिल्या प्रकारात ‘दुसऱ्या’ २१ बाइटचं, उरलेल्या दोन्हींत २४ बाइटचं. लिनक्स नुसते बाइट जुळवतो, त्यामुळे एकाच फोल्डरात ही तिन्ही नावं सुखाने नांदतात. मॅकची जुन्या एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क नाव साठवतानाच ऱ फोडून दुसरा प्रकार करायची. तुमचा कीबोर्ड पहिला देतो. झालं भांडण.

खात्री करायची तर फाइलींची यादी देणाऱ्या एलएसचं आउटपुट बाइट दाखवणाऱ्या ओडीला पाइप करून (ls | od -b) बाइट बघा. दुरुस्तीला कॉन्व्हएमव्ही (convmv) हा नावं बदलणारा प्रोग्राम आहे, एनएफसीचा स्विच (--nfc) देऊन; एनएफसी म्हणजे फोडलेली अक्षरं पुन्हा सलग करणं. आधी तो काय बदलेल तेवढंच दाखवतो. ‘नोटेस्ट’ (--notest) दिल्याशिवाय हात लावत नाही. मॅकवर गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर त्यातलं प्रीकंपोझयुनिकोड (core.precomposeunicode) हे सेटिंग चालू ठेवा. गिट मराठी नावाऐवजी आकडे दाखवत असेल तर क्वोटपाथ (core.quotepath) हे सेटिंग बंद करा.

तिसरा प्रकार मात्र एनएफसीने सुटत नाही. तिथे र, हलन्त, झेडडब्ल्यूजे ही तिकडी शोधून ऱ आणि हलन्त घालणारी दोन ओळींची पायथॉन स्क्रिप्ट लिहा. नुसता झेडडब्ल्यूजे उडवलात तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘कार्य’मधल्यासारखं.

चिन्हांचं थोडक्यात. लिनक्सला फक्त / आणि शून्य बाइट चालत नाही. विंडोजला < > : " / \ | ? * यातलं काहीच नको. त्यात : सगळ्यात घातकी: एनटीएफएसवर (विंडोजच्या नेहमीच्या डिस्क-पद्धतीवर) प्रोग्रामने ‘सभा १०:३०’ लिहिलं तर ‘सभा १०’ नावाची शून्य बाइटची फाइल दिसते आणि मजकूर त्याच फाइलला जोडलेल्या एका लपलेल्या स्ट्रीममध्ये (कप्प्यात) जातो. नावाच्या शेवटचं टिंबही विंडोज गुपचूप खातो, म्हणून लिनक्सवर केलेलं ‘बिले रु.’ फोल्डर तिथे उघडत नाही. आपल्याकडे रु., ता., क्र. ची हौस फार.

लांबीही बघा. एक्स्ट४ वर (लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-पद्धतीवर) नावाला २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा-हलन्त धरून. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर १०० चिन्हांचं नाव चालून जातं आणि लिनक्सवर कॉपी करताना अडतं.

आणि हो, इंग्रजीवाल्यांचं एक मान्य: जुन्या झिप प्रोग्रामना यूटीएफ-८ (वरचे बाइट ज्या पद्धतीने ठरतात ती) कळत नाही, तिथे नावांचा चुथडा होतो. त्यासाठी झिपऐवजी टार (फाइलींचा गठ्ठा बांधणारा दुसरा प्रोग्राम) वापरा. कॉन्व्हएमव्ही चालवण्याआधी बॅकअप घ्या. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर बदलल्यावर दोन नावं एकच होत नाहीत ना, हे आधी तपासा, नाहीतर एक फाइल दुसरीवर लिहिली जाईल.