तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : वाफेचं मॉडेल इंजिन हळू चालवताना अडखळतं तेव्हा

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे एचओ स्केलचं (खऱ्याच्या ८७व्या भागाएवढं) छोटं सहा चाकी टँक इंजिन आहे, सेकंडहँड घेतलेलं, साध्या डीसी कंट्रोलरवर चालवतो. अर्ध्या स्पीडला एकदम मस्त पळतं पण हळू केलं की उचक्या दिल्यासारखं चालतं, मधेच थांबतं, बोटाने ढकललं की परत सुरू, आणि पॉइंटवर (जिथे एका रुळातून दुसरा फाटा निघतो) तर दर वेळी अडकतंच. दुकानदार म्हणाला मोटर गेलीय, नवीन टाका. टाकू का? यार्डात डबे शंटिंग करायची फार हौस आहे हो, पण या इंजिनाने जमतच नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मोटर अजिबात टाकू नका, निदान आत्ता तरी. जी मोटर अर्ध्या स्पीडला मस्त चालते ती गेलेली असण्याची शक्यता फार कमी. हळू चालताना अडखळणाऱ्या इंजिनात बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते, एकतर तिच्यापर्यंत वीज नीट पोचत नाही नाहीतर चाकं आणि रॉड (चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्या) कुठेतरी घासतात. जोरात जाताना इंजिन स्वतःच्या वेगावरच ती अडचण ओलांडून जातं म्हणून कळत नाही, हळू केलं की सगळं उघडं पडतं.

आता दोष वीजेचा की यांत्रिक हे ओळखायची सोपी युक्ती सांगतो. इंजिन अगदी हळू सोडा आणि झटक्यांकडे नीट लक्ष द्या. चाकाच्या प्रत्येक फेरीला त्याच जागी झटका बसत असेल, म्हणजे झटक्यांना लय असेल, तर दोष यांत्रिक. झटके कधीही कुठेही येत असतील, एकदा इथे एकदा तिथे, तर दोष वीजेचा. आणि रुळावरच्या ठराविक जागीच थांबत असेल तर इंजिनाला हातच लावू नका, दोष रुळात आहे. तुम्ही लिहिलंय की मधेच थांबतं, ढकललं की सुरू होतं आणि पॉइंटवर हमखास अडकतं, यावरून मला तरी हे वीजेचंच काम वाटतं. खात्री करायची तर इंजिन मऊ फडक्यावर उलटं ठेवा, कंट्रोलरच्या दोन वायरी थेट पिकअपच्या, म्हणजे चाकांकडून वीज घेणाऱ्या पट्ट्यांना लावा, वायर जिथून मोटरला जाते त्या टोकापाशी, आणि कंट्रोलर अगदी कमीवर ठेवा. उलटं ठेवल्यावर चाकं संथ आणि एकसारखी फिरली तर मोटर, गिअर, रॉड सगळं ठीक आहे, मग रूळ, चाकं आणि पिकअप एवढंच बघायचं.

सुरुवात चाकांपासून करा. चाकांच्या कडेवर काळा चिकट थर बसतो आणि सेकंडहँड इंजिनात तर तो असतोच असतो. रुळावर किचन टॉवेलची घडी आडवी टाका, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब, आता इंजिनाची अर्धी चाकं कागदावर आणि अर्धी उघड्या रुळावर अशी ठेवून इंजिन हाताने हलकेच धरा आणि करंट द्या. चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन फिरवून उरलेली चाकं. रेघा यायच्या बंद होईपर्यंत करत राहा. ज्या चाकांवर रबरी टायर असतो ती चाकं वीज घेतच नाहीत, ती नुसती पुसा, अल्कोहोलने रबर खराब होतं. आणि कृपा करून सँडपेपर वापरू नका, ना चाकांना ना रुळांना, बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण आणखी पटकन साठते. रूळ पण त्याच अल्कोहोलने, लेआउट घरात असेल तर देवघरातल्या उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकटपणा रुळावर बसतोच त्यामुळे आपल्याकडे पुसायचं काम जरा जास्तच. जुने लोखंडी रूळ असतील तर पावसाळ्यात गंज येणार, निकेल सिल्व्हरचे असतील तर तो प्रश्न नाही.

मग पिकअप. चाकांच्या मागच्या बाजूला टेकलेल्या फॉस्फर ब्राँझच्या बारीक पट्ट्या दिसतील, मोटरपर्यंत वीज त्यांच्यातूनच जाते. मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर ठेवा, एक टोक मोटरच्या एका टर्मिनलला, दुसरं त्याच बाजूच्या एकेका चाकाला, मग दुसरं टर्मिनल आणि दुसऱ्या बाजूची चाकं, आणि मोटरचा दांडा बोटाने हळू फिरवून चाकं फिरवत बघा. सहाही चाकांवर बीप आली पाहिजे आणि फिरवताना मधे तुटता कामा नये. चाक बाजूला सरकवून पण बघा, ॲक्सलला थोडी मोकळीक असते, त्यामुळे चाक एका बाजूला गेलं की पट्टी सुटते हे फार वेळा होतं. पट्टी चिमट्याने अगदी किंचित चाकाकडे वाकवायची. जोरात दाबून ठेवलीत तर तीच ब्रेकचं काम करेल आणि इंजिन आणखी जड चालेल. इथे घाई करू नका, संपूर्ण दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ या पट्ट्यांना द्यावा असं माझं ठाम मत आहे.

पॉइंटचं म्हणाल तर छोट्या इंजिनाची तिथे खरंच पंचाईत असते. पॉइंटच्या मधोमध जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो फ्रॉग तुमच्याकडे प्लॅस्टिकचा असेल तर तिथे वीज नसतेच. मोठ्या इंजिनाची बाकीची चाकं बाहेर असतात म्हणून ते निघून जातं, तुमचं सहा चाकांचं, त्यात एखादं चाक प्लॅस्टिकवर आणि दुसऱ्याचा पिकअप सुटलेला, झालं, थांबलं. पिकअप नीट केल्यावर निम्मी तक्रार जाईल. तरी राहिली तर यार्डात तरी धातूच्या फ्रॉगचे पॉइंट घ्या आणि फ्रॉगला स्विचमधून वेगळी वायर द्या, म्हणजे पॉइंट बदलला की फ्रॉगची पोलॅरिटी पण बदलते. नुसत्या हलणाऱ्या पात्याच्या टेकण्यावर वीजेसाठी भरवसा ठेवू नका, तिथे कचरा अडकतोच. आणि रुळांच्या जोडपट्ट्यांवरही नको, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून वायरचा डाग द्या आणि त्या सगळ्या वायरी एका जाड वायरीला जोडा. एकदा बसून काम केलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

किती हळू म्हणजे हळू याचा अंदाज हवा असेल तर साधा हिशोब आहे. एचओ म्हणजे १:८७. खऱ्या इंजिनाचा ताशी १० किलोमीटरचा शंटिंगचा वेग तुमच्या रुळावर सेकंदाला साधारण ३.२ सेंटीमीटर होतो, म्हणजे १ मीटर जायला ३१ सेकंद. टेप लावा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि बघा. न थांबता हे जमलं की तुमचं शंटिंग सुरू.

प्रश्न : माझ्या २-८-० (पुढे दोन छोटी चाकं, मग आठ मोठी) इंजिनात तुम्ही म्हणता तसे लयीतले झटके आहेत, चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा अडतं. चाकं रूळ सगळं साफ केलं, तेल पण घातलं (घरचं खोबरेल). फरक नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी ते खोबरेल काढा. थंडीत २४ डिग्रीच्या खाली ते गोठतं आणि मग घट्ट होऊन गिअरमध्ये बसतं. कोल्हापुरात डिसेंबरच्या सकाळी इंजिन हलणार पण नाही. सगळं अल्कोहोलने पुसून प्लॅस्टिकला चालणारं हलकं मॉडेल ऑइल वापरा, ते पण सुईच्या टोकावर येईल एवढंच, ॲक्सलच्या टोकांना आणि रॉडच्या पिनांना. गिअरला किंचित ग्रीस. मोटरच्या कम्युटेटरवर (जिथे ब्रश टेकतात तो भाग) एक थेंबही जाऊ देऊ नका.

आता झटका. मोटर सोडवून बाहेर काढा किंवा वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) खालच्या गिअरपासून वेगळा करा, आणि नुसता चासी काचेवर ठेवून बोटाने हळूच ढकला. चाकं न घसरता सहज फिरायला हवीत. एका जागी अडत असेल तर तो अडथळा तुमच्या हाताला लागेल. मग साईड रॉड काढा आणि परत ढकला. रॉड काढल्यावर मोकळं झालं तर दोष रॉड आणि चाकांच्या कोनात, नाही झालं तर एखादा ॲक्सल किंवा गिअर बघा. गिअरला तडा गेला असेल तर तड्याच्या जागी दात फाकतात आणि प्रत्येक फेरीला टक् असा आवाज येतो, तो गिअर बदलावाच लागतो, चिकटवून टिकत नाही.

कोनाचं जरा समजावून सांगतो कारण वाफेच्या इंजिनाचं सगळं गुपित इथे आहे. खऱ्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँक एकमेकींना ९० अंशात असतात. एका बाजूचा पिस्टन टोकाला जाऊन निर्बळ झाला की दुसऱ्या बाजूचा मधोमध, पूर्ण जोरात असतो, म्हणून इंजिन कुठल्याही जागेवरून सुरू होतं. मॉडेलला मोटर ढकलते, तरी रॉडने सगळी चाकं एकत्र फिरवायची म्हणून हा कोन लागतोच, आणि नेमका ९० पेक्षा महत्त्वाचं म्हणजे चारही ॲक्सलचा कोन एकसारखा हवा. एका ॲक्सलवरचं एक चाक दोन अंश जरी घसरलं तरी रॉड ताणला जातो आणि प्रत्येक फेरीला अडतं. एका बाजूच्या सगळ्या क्रँक अगदी खाली आणा आणि दुसऱ्या बाजूने बघा, सगळ्या एकाच दिशेला दिसल्या पाहिजेत. एखादी वेगळी दिसली तर तिथेच गोम आहे. ते चाक हळूच फिरवून जुळवायचं, जुळवताना दोन चाकांमधलं आतलं अंतर एचओला १४.४ मिमीच्या आसपास राहील याकडे लक्ष द्या नाहीतर पॉइंटवर नवीन कटकट सुरू होईल. कोन बरोबर असूनही अडत असेल तर रॉडची भोकं बघा, भोकात पिन जराशी सैल पाहिजे. आणि वरच्या व्हॉल्व्ह गिअरच्या बारीक दांड्या, त्यातली एखादी वाकून क्रॉसहेडला (पिस्टनची दांडी आणि रॉड जोडणारा सरकता तुकडा) लागते का तेही, हे फार वेळा सुटतं.

जुळवून झालं की डबे न जोडता मध्यम वेगाने अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवा. त्याने बारीक घर्षण आपोआप कमी होतं, हे टाळू नका.

प्रश्न : मी बोरघाटाचा छोटा लेआउट करतोय, मूळ घाटासारखाच १:३७ चढ ठेवलाय. चढताना इंजिन छान चढतं पण उतरताना एकटं असलं की कांगारूसारखं उड्या मारत उतरतं. साफसफाई झालीय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्यांदा, लेआउट वाचून खूप आनंद झाला. १८६३ साली सुरू झालेला तो घाट, त्यातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, तिथे तर हळू चालणारं इंजिनच शोभतं, तुमचा हट्ट अगदी योग्य आहे.

उड्यांचं कारण वर्म. वर्मच्या दांड्याला पुढे-मागे सरकायला जागा असते. चढताना मोटर ढकलते म्हणून वर्म एकाच बाजूला दाबलेला राहतो. उतरताना इंजिनाचं वजनच चाकांना पुढे ओढतं, वर्म सुटतो, परत पकडतो, सुटतो, पकडतो, त्याच उड्या. दांडा बोटाने पुढे-मागे हलवून बघा, स्पष्ट हलत असेल तर टोकाला बारीक वॉशर टाका. ही जागा पूर्ण शून्य करू नका, अगदी नाममात्र ठेवाच, नाहीतर गरम होऊन अडकेल. वर्मवर थोडं घट्ट ग्रीस दिलं तरी उड्या दबतात. आणि उतरताना मागे दोन-तीन डबे असे लावा ज्यांची चाकं जराशी जड फिरतात, खऱ्या घाटातही गाडी ब्रेक लावूनच उतरायची.

पुण्यातच आहात तर कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन चालत्या गाड्या जवळून बघा, वेगाचा अंदाज डोळ्यांना येतो.

प्रश्न : डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) घेतलं की हळू चालायचा प्रश्नच संपतो असं मित्र म्हणतात. खर्च करू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : इंजिन आधी डीसीवर नीट चालत असेल तर जरूर करा, फरक जाणवण्याइतका असतो. इंजिनात बसवलेली छोटी चिप म्हणजे डिकोडर मोटरचा बॅक ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतः तयार करते तो व्होल्टेज) मोजतो, वेग पडतोय असं दिसलं की स्वतःच जास्त जोर देतो, त्यामुळे वळणावर किंवा चढावर वेग टिकतो. स्पीड स्टेप १२८ ठेवा. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या सेटिंग्ज. सीव्ही २ म्हणजे सुरुवातीचा व्होल्टेज, पहिल्या स्टेपलाच चाक जेमतेम हलेल इतपत वाढवा. सीव्ही ३ आणि ४ ने वेग वाढणं-कमी होणं सावकाश करा, सीव्ही ५ ने कमाल वेग खाली आणा कारण मालगाडीच्या इंजिनाला तो लागतच नाही, आणि खालच्या वेगावर जास्त बारीक ताबा मिळतो. कपॅसिटरवाला स्टे-अलाइव्ह बसवायला जागा असेल तर छोट्या इंजिनात नक्की बसवा, वीज क्षणभर तुटली तरी ते चालत राहतं. पण तिरका बसलेला रॉड किंवा फुटलेला गिअर डिकोडर दुरुस्त करत नाही, उलट तो जोर लावून अडथळा ओलांडायला बघतो आणि मोटर तापते.

डीसीवरच राहायचं असेल तर सेटबरोबर आलेला रेझिस्टन्सवाला कंट्रोलर तेवढा बदला. त्यात मोटर सुरू होताना जास्त करंट खेचते म्हणून व्होल्टेज पडतो, चाक फिरलं की व्होल्टेज उडी मारतो आणि इंजिनपण. पल्स देणारा कंट्रोलर पूर्ण व्होल्टेजचे छोटे छोटे ठोके देतो, म्हणून मोटर अगदी हळूही सुटते. फक्त इंजिनात कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर जुन्या पद्धतीचे कमी फ्रिक्वेन्सीचे पल्स कंट्रोलर लावू नका, ती मोटर त्यात तापून जळू शकते. घेण्याआधी इंजिनाच्या कागदावर मोटरचा प्रकार वाचा.