स्टार्टर नुसताच ‘टक्’ करतो

प्रश्न : वडिलांची 1984 सालची अ‍ॅम्बेसेडर आम्ही हौसेने सांभाळली आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी किल्ली फिरवली, की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. बॅटरी नवी असल्याने मेकॅनिक स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) बदलण्यास सांगतात. खर्च करावा का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, हेडलाइट लावा आणि घरातल्या कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे, तिची टर्मिनले सैल आहेत किंवा स्टार्टर अडकला आहे. दिवे जसेच्या तसे राहिले, तर सोलेनॉइडचे, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचचे, आतले संपर्क जळालेले असण्याची शक्यता अधिक.

मात्र जुन्या गाड्यांत माझा पहिला संशय नेहमी अर्थच्या पट्टीवर, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडपट्टीवर, असतो. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणाऱ्या जोडणीखाली गंज व रंगाचा थर साचतो, आणि स्टार्टरला लागणारा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह तिथेच अडतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थकडील खांबावर व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त आकडा दिसला, तर जोडणी उघडून पॉलिशपेपरने लखलखीत घासा आणि घट्ट आवळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. हे सारे ठीक निघाले, तरच तो उतरवून कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) आणि बुश (दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) तपासून घ्या.