गाडी आधी उलटी करून बघा

मागच्या अंकात जुन्या डाय-कास्ट गाड्यांवर, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या खेळण्यातल्या छोट्या गाड्यांवर, थोडंसं लिहिलं होतं आणि त्यावर बरेच प्रश्न आले. जवळपास सगळ्यांना एकच हवंय, हातातली गाडी खरी आहे का ते कसं कळणार. ज्या प्रश्नांमध्ये बाकीच्यांच्याही शंका बसतात ते निवडलेत.

प्रश्न: माझ्या हॉट व्हील्स गाडीच्या तळाला 1969 लिहिलंय आणि चाकांवर लाल रेघ आहे. म्हणजे ती 1969 ची ओरिजिनलच ना?

उत्तर: एवढ्यावरून नाही सांगता येणार. हा गोंधळ सगळ्यात जास्त लोकांचा होतो म्हणून जरा नीट सांगतो. तळावरचं वर्ष हे त्या डिझाइनच्या कॉपीराइटचं असतं, गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली त्याचं नाही, आणि तेच कास्टिंग (साच्यातून निघालेली बॉडी) पुढे कितीही वर्षं वापरलं तरी आकडा तोच राहू शकतो. त्यामुळे 1969 वाचून एवढंच कळतं की गाडी त्याच्या आधीची नाही. नंतरची कितीही असू शकते.

लाल रेघेचंही तसंच. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने 1968 मध्ये हॉट व्हील्स आणली तेव्हापासून साधारण 1977 पर्यंत ही लाल रेघ होती, म्हणून त्या गाड्यांना रेडलाइन म्हणतात. पण पुढे जुन्या गाड्यांच्या आठवणीत खास आवृत्त्या निघाल्या आणि त्यांनाही लाल रेघेची चाकं दिली गेली. म्हणून तळावर देश कुठला लिहिलाय ते बघा. सुरुवातीच्या गाड्यांवर मुख्यतः यू.एस.ए. किंवा हाँगकाँग असतं. मलेशिया किंवा थायलंड दिसलं तर ती नंतरच्या काळातली, विकणारा काहीही म्हणो.

मग रंग. पहिल्या काही वर्षांत स्पेक्ट्राफ्लेम नावाचा पारदर्शक रंग होता, चकचकीत पॉलिश केलेल्या धातूवर मारलेला, त्यामुळे रंगाच्या आतून धातू चमकतो आणि कुठे टवका उडाला तर खाली थेट लखलखीत धातू दिसतो, मध्ये प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराचा, थर नसतो. 1973 मध्ये बहुतेक गाड्यांना साधा अपारदर्शक एनॅमल आला. म्हणजे सुरुवातीची गाडी म्हणून विकतायत आणि टवक्याखाली राखाडी प्रायमर दिसतोय, तर थांबा आणि प्रश्न विचारा.

प्रश्न: रिपेंट ओळखायची सोपी ट्रिक आहे का? फोटोत तर सगळ्याच गाड्या नव्यासारख्या दिसतात.

उत्तर: आहे, आणि ती वरच्या बाजूला नाही, खाली आहे. गाडी उलटी करा आणि रिव्हेट, म्हणजे डोकं ठोकून पक्की केलेली धातूची खीळ, बघा. या गाड्यांचा तळ बॉडीला रिव्हेटने पक्का केलेला असतो, आणि पूर्ण नीट रंगवायची तर आधी गाडी उघडावी लागते, म्हणजे रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवावं लागतं. ते पुन्हा कारखान्यासारखं बसवणं फार कठीण. तिथे स्क्रू, गोंदाचा डाग, गोल खरवडल्यासारखी खूण किंवा मध्ये भोक दिसलं की गाडी उघडली गेलीय असं समजा. फक्त स्क्रू असणं हा पुरावा नाही हं, काही कंपन्यांच्या काही मॉडेल्सवर मुळातच स्क्रू असतात, म्हणून तेच मॉडेल आधी दुसरीकडे बघून ठेवा.

दुसरं म्हणजे दारांच्या रेषा आणि बारीक अक्षरं. नवीन रंग जाड बसला की त्या रेषा भरून निघतात, आणि एक्सलच्या टोकावर, काचेच्या कडेला, बॉडीच्या आत रंगाचे शिंतोडे असतात. भिंग घ्या आणि पाच मिनिटं शांतपणे बघा, घाई असेल तर विकत घेऊच नका.

चाकंही बदललेली असतात. मॅचबॉक्सच्या छोट्या गाड्यांना आधी धातूची, मग करड्या प्लास्टिकची, मग काळी चाकं आली आणि 1969 पासून सुपरफास्टची वेगाने पळणारी चाकं. एखाद्या मॉडेलची करड्या चाकांची आवृत्ती दुर्मिळ असेल तर कोणीतरी काळी काढून करडी बसवलेली असू शकतात. एक्सलची टोकं वेडीवाकडी किंवा ताजी ठोकलेली दिसली की संशय घ्या. आणि मॅचबॉक्सच्या तळावर लेस्नी (मॅचबॉक्स बनवणारी मूळ कंपनी) लिहिलेलं नसून मकाऊ किंवा चायना असेल तर ती 60 च्या दशकातली असूच शकत नाही, लेस्नी कंपनी 1982 मध्ये बुडाली आणि त्यानंतर उत्पादन तिकडे गेलं.

माझं मत सांगतो, रिपेंट करणं यात चूक काही नाही. मी स्वतः लहानपणची एक गाडी रंगवून घेतलीय आणि ती मला फार प्रिय आहे. चूक आहे ती न सांगता ओरिजिनल म्हणून विकणं.

प्रश्न: जेम्स बाँडची कॉर्गीची अ‍ॅस्टन मार्टिन मिळतेय, चंदेरी रंगाची, 1965 ची म्हणून. घेऊ का?

उत्तर: 1965 ची म्हणून नको. कॉर्गी या खेळण्यांच्या कंपनीची पहिली, 261 नंबरची बाँड गाडी सोनेरी होती, पडद्यावरची गाडी चंदेरी असूनही. चंदेरी आली ती 1968 मध्ये, नंबर 270, आणि तिच्या नंबर प्लेट फिरतात, टायर फाडायची पातीही आहेत. 1978 मध्ये अजून एक आली, आकाराने मोठी. म्हणजे तुम्हाला दाखवलेली गाडी खोटी असेलच असं नाही, पण वर्ष चुकीचं सांगितलंय, आणि तुम्ही पैसे वर्षाचेच देताय. शिवाय छतातून उडणारा तो छोटा माणूस हरवलेला असतो आणि नवीन बनवलेला बसवलेला असतो. तोही मूळचा आहे का हे विचारा.

प्रश्न: बॉक्स ओरिजिनल आहे का हे कसं बघायचं?

उत्तर: भिंगाखाली छपाई बघा. घरच्या इंकजेट प्रिंटरच्या छपाईत सपाट रंगाच्या जागीही बारीक ठिपके विखुरलेले दिसतात, जुन्या बॉक्सवर रंगाचा सलग पट्टा आणि स्वच्छ कडा असते. यूव्ही टॉर्चही कामाचा, पण जपून. कागद निळसर पांढरा चमकवणारं द्रव्य साधारण 50 च्या दशकापासून कागदात येऊ लागलं, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाआधीचा म्हणून विकलेला बॉक्स तसा चमकला तर तो नक्कीच नवा, 60 च्या दशकातल्या बॉक्सचं मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. आणि बारकोड असेल तर विषयच संपला, दुकानात बारकोड वापरणं 1974 मध्ये सुरू झालं.

प्रश्न: आजोबांच्या डिंकी गाडीला बारीक तडे गेलेत आणि ती फुगल्यासारखी वाटतेय. नकली आहे का?

उत्तर: उलट, डिंकी ही जुन्या खेळण्यातल्या गाड्यांची कंपनी, आणि हे तिच्या युद्धाआधीच्या गाडीचं लक्षण असू शकतं. तेव्हाच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं की कास्टिंग आतून कुजतं, फुगतं आणि शेवटी तुकडे होतात, याला झिंक पेस्ट म्हणतात. चाकांच्या चकत्या बघा, युद्धाआधीच्या सपाट असतात आणि नंतरच्यांवर उंचवट्याचं वर्तुळ असतं. चकत्या सपाट असतील तर ती जुनीच असण्याची शक्यता वाढते, फक्त चाकं कोणी बदललेली नाहीत ना तेवढं बघा. या कुजण्याला इलाज नाही. दमट जागेत ठेवू नका, सारखी हाताळू नका, दाबून तर मुळीच बघू नका, आणि आत्ताच चारही बाजूंनी आणि तळाचा असे फोटो काढून ठेवा.