बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या फटी ॲसिडने साफ कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय की फरशीवरच्या टाइल्समधलं ग्राउट, म्हणजे फटीत भरलेलं सिमेंट, काळं पडलंय, घासून निघत नाही, शेजारी ॲसिड टाका म्हणतात, तर टाकू का.

नका टाकू. आणि शेजारी वाघोलीचे आहेत का तेही कळवा, कारण आमचे साडू तिथेच राहतात आणि हा सल्ला त्यांचाच वाटतोय.

माझी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत, प्लेटिंग खात्यात झाली. लोखंडी भाग ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढायचा, धुवायचे, मग निकेल, त्यावर क्रोम. क्रोमचा थर बिघडला की तो उतरवायलाही हायड्रोक्लोरिक ॲसिडच. म्हणजे दुकानात बाटलीतून मिळतं ते पिवळट पाणी कशाकशाला खातं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तरी साडूंनी शिकवलं.

त्यांच्या मुलीचं केळवण आमच्याकडे, कर्वेनगरला होतं. होणाऱ्या जावयाकडची माणसंही येणार, त्यामुळे आमच्या बाथरूमची काळजी साडूंना. मी भाजी आणायला मंडईत गेलो होतो. परत आलो तर जिन्यातच वास. तो वास मी झोपेतही ओळखेन. वर पाहतो तर हे बनियनवर, पँट दुमडलेली, हातात खराटा, फरशी फसफसतेय, आणि दारात मेहुणी आणि आमची ही कौतुकाने उभ्या. मी खिडकी उघडली आणि आधी पाणी ओता म्हटलं, तर उत्तर काय? "अहो, तुम्ही प्लेटिंगवाले, आणि ॲसिडला घाबरता?" ओळखीच्या दुकानदाराने दिलं म्हणे. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुट्ट्या ॲसिडच्या विक्रीला नोंदवही आणि ओळखपत्र बंधनकारक केलं, ते ओळख असली की लागत नाही असा त्यांचा समज.

फसफसतं तो मळ नसतो हो. पांढऱ्या सिमेंटचं ग्राउट चुन्याच्या जातीचं, ॲसिड त्यालाच विरघळवतं. वरचा थर निघून जातो, त्याच्याबरोबर मळ जातो, आणि आतलं कोरं सिमेंट उघडं पडतं. बघणाऱ्याला वाटतं, काय चकाचक झालं! पण उरतं ते खरबरीत, भोकाभोकांचं आणि खाली बसलेलं. पुढचा मळ तिथे आधीपेक्षा लवकर आणि खोल मुरतो. केळवणाला सगळ्यांनी साडूंचं कौतुक केलं. पावसाळा संपेपर्यंत फटी पहिल्यापेक्षा काळ्या झाल्या होत्या. नळाच्या क्रोमवर वाफेने ठिपके पडले ते वेगळंच, आणि ते मला रोज दात घासताना दिसतात. पुढे खालच्या काकूंच्या छताला ओल आली. साडू म्हणाले, "तुमच्या मिस्त्रीनं काम कच्चं केलं."

आता तुमच्या प्रश्नाकडे. आधी काळं म्हणजे काय ते बघा. साबण आणि अंगाचं तेल बसलेलं असेल तर ॲसिडचा उपयोगच नाही, तिथे आम्लाच्या उलट, सोड्यासारखं काहीतरी लागतं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवायचा, फटींवर ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग कडक नायलॉनच्या ब्रशने फटीच्या दिशेने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे घाला. स्वयंपाकघरातल्या चिकटालाही हेच. तारेचा ब्रश नको. काळे ठिपके असतील, विशेषतः कोपऱ्यात, तर ती बुरशी. तिला पातळ केलेलं ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड, खिडकी उघडी ठेवून. व्हिडिओत दाखवतात तसा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. दोघं एकमेकांना संपवतात, फेस तेवढा छान येतो.

साडूंच्या बाजूने एवढं म्हणेन की वाघोलीकडे टँकर आणि बोअरचं पाणी जड असतं. टाइल्सवर जो पांढरा थर बसतो तो क्षारांचा, आणि तो आम्लानेच निघतो. पण त्यालाही लिंबूसत्त्व पुरतं. आधी फटी साध्या पाण्याने भिजवून घ्यायच्या, म्हणजे आम्ल आत कमी शोषलं जातं, आणि लगेच धुवायचं. आमच्या नळाला खडकवासल्याचं पाणी. जो थर आमच्याकडे नव्हताच तो काढायला ते बाटली घेऊन आले होते.

हे वर लिहायला हवं होतं, पण लक्षात ठेवा: ब्लीच लावलं असेल त्या जागी ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो. शहाबादी किंवा कडप्पा असेल तर लिंबूसुद्धा लावू नका, ते चुनखडीचेच दगड. ग्राउट उकरून निघत असेल तर घासण्यात वेळ घालवू नका. जुनं खरवडून, जागा पूर्ण वाळवून सिमेंटऐवजी एपॉक्सीचं (राळेचं) ग्राउट भरून घ्या. महाग पडतं, पण ते पाणी शोषत नाही. आणि आंघोळीनंतर वायपर मारायचा, घरातल्या प्रत्येकाने.

खालच्या काकूंच्या छताची ओल ॲसिडमुळेच आली असं मी शपथेवर सांगणार नाही. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही, ते खालचा थर करतो, आणि आमची इमारत जुनी आहे. पण मिस्त्री कच्चा होता हे मी मान्य करणार नाही. त्याच मिस्त्रीने, त्याच आठवड्यात, त्याच पोत्यातल्या पांढऱ्या सिमेंटने आमच्या गॅलरीच्या फटी भरल्या. साडू म्हणतात, गॅलरीत पाणी कुठे पडतं? पश्चिमेची गॅलरी आहे, जून ते सप्टेंबर पाऊस थेट आत येतो, कुंड्यांचं पाणी बारा महिने. एक फट निघालेली नाही. तिथे ॲसिड गेलं नाही, कारण व्याही गॅलरीत जाणार नव्हते.