कोर्सचं नंतर बघू, आधी तिचा रक्तगट खरा सांगा

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न एकच आहे. मुलगी बारावी सायन्सला ७१ टक्के मिळवून पास झाली, आता तिला रक्तगट आणि आनुवंशिकता शिकायची आहे, आणि तुम्हाला वाटतं तिने बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्याव्यात. पण माझं लक्ष अडकलं ते वेगळ्याच ओळीवर. रक्तदान शिबिरात तिचा गट 'बॉम्बे' हा दुर्मिळ रक्तगट निघाला, आणि तुम्ही लिहिता, "लग्नाला अडचण नको म्हणून कुणी विचारलं तर ओ पॉझिटिव्ह सांगायचं, असं तिला बजावलं आहे."

ताई, हे आजच थांबवा. यात तिच्या जिवाला धोका आहे. ए आणि बी हे दोन्ही घटक तांबड्या पेशींवरच्या 'एच' नावाच्या घटकाला साखरेचा एकेक रेणू जोडून तयार होतात. ओ गटात ए-बी नसतात, पण एच भरपूर असतो. तुमच्या मुलीच्या पेशींवर एचच नाही. म्हणून साध्या तपासणीत ती ओ दिसते, पण तिच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्या घटकावर हल्ला करणारी प्रथिनं, आहेत. ओ गटाचं रक्त चढवलं तर ही प्रतिपिंडं त्या पेशी फोडून टाकतील आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अपघातात गट तपासायलाही सवड नसते, तेव्हा डॉक्टर नेमकं ओ गटाचंच रक्त मागवतात. ओळखपत्रावर आणि लायसन्सवर ओ लिहिलेलं असेल तर त्यांना शंका तरी कशी येणार? तिला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. बाळंतपणाच्या वेळी हे डॉक्टरांना महिनोन्महिने आधी माहीत असायला हवं. ज्या घरात ही गोष्ट लपवून तिला पाठवाल, त्याच घरातली माणसं त्या वेळी दवाखान्यात तिच्याजवळ असणार आहेत.

दुसरी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, पण ती तुम्हाला किती लागली आहे ते कळतं. सासूबाई म्हणाल्या, "हे तुझ्या माहेरचं रक्त." हा समज साफ चुकीचा आहे. हा गट येण्यासाठी एच तयार करणाऱ्या एफयूटी१ या जनुकाची बिघडलेली प्रत आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही याव्या लागतात. एकच आली तर माणसाचा गट नेहमीसारखाच दिसतो, आणि म्हणून तुमचा किंवा तुमच्या यजमानांचा गट कधी वेगळा निघाला नाही. म्हणजे सासरकडूनही तेवढंच आलं आहे. हा आजार नाही, अशी माणसं एरवी ठणठणीत असतात. उद्या तिच्या नवऱ्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील, तर तिच्या एकाही मुलाचा गट बॉम्बे होणार नाही. आणि एक सांगून ठेवते. तिचं ए किंवा बीचं जनुक आत शाबूत असू शकतं, आणि मुलाला वडिलांकडून एचची चांगली प्रत मिळाली की ते उमटतं. त्यामुळे कागदावर 'ओ' असलेल्या आईला, नवरा ओ असूनही, ए किंवा बी गटाचं मूल होऊ शकतं. गट लपवलेला असेल तर त्या दिवशी संशय कुणावर येईल, याचा विचार करा.

आता तिच्या आवडीकडे येते. हा गट पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ साली मुंबईत, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. युरोपात तो साधारण दहा लाखांत एकाचा आहे, भारतात दहा हजारांत एकाचा. भारतातल्या बहुतेक बॉम्बे गटाच्या लोकांत जनुकातला एकच ठरावीक बदल सापडतो, आणि तोच बदल हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांतही सापडला आहे. दक्षिण अमेरिकेचे मूळ रहिवासी जवळजवळ सगळे ओ का, पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या पेशींवर डफी हा घटक का नसतो आणि त्यामुळे व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियापासून त्यांचा बचाव कसा होतो, हे सगळं याच विषयात येतं. स्वतःच्या रिपोर्टवरून अठराव्या वर्षी मुलगी इथवर पोचली, ही भीतीची गोष्ट नाही. अशा मुलीला लोकांपासून लपवण्यासाठी बी.कॉम.ला घालणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि मी त्याला होकार देणार नाही. बी.कॉम. वाईट नाही, तुमचं कारण वाईट आहे.

मार्ग नेहमीचेच आहेत: 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन एमबीबीएस आणि पुढे रक्तसंक्रमणशास्त्रात (रक्त चढवण्याच्या शास्त्रात) एमडी, लवकर कमवायचं असेल तर डीएमएलटी किंवा बी.एस्सी. एमएलटी हे लॅब टेक्निशियनचे कोर्स करून रक्तपेढी, नाहीतर बी.एस्सी. आणि मग ह्यूमन जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. तिची ओढ पाहता मी तिसऱ्या मार्गाकडे झुकेन. संशोधनात नोकरी मिळायला वेळ लागतो, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संशोधन संस्था आहे, दुर्मिळ रक्तगटांवर तिथे काम चालतं.

फॉर्म भरायला अजून दिवस आहेत. त्याआधी दोन कामं करा. धाकट्या मुलाची तपासणी करून घ्या, सख्ख्या भावात हा गट असण्याची शक्यता चारात एक असते, आणि रक्तपेढीला तो बॉम्बे गटासाठीच तपासायला सांगा, नुसता गट विचारलात तर तोही ओ म्हणून परत येईल. आणि तिच्या ओळखपत्रावरचं 'ओ पॉझिटिव्ह' बदलून घ्या.