युव्हायटिसमुळे (डोळ्याच्या आतल्या सुजेमुळे) कमी झालेली नजर परत येते का? आईचे स्टेरॉइडचे थेंब भाऊ बंद करायला सांगतोय, काय करावं?

थेंब बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक थेंबही कमी करू नका. तुमच्या भावाच्या जागी आमच्याकडे दादा होता, म्हणून लिहितोय.

आमचं गाव कुडाळजवळ. भाताच्या लावणीत बाबांना सडकून ताप भरला, पोटऱ्या इतक्या दुखत की उठवत नव्हतं. लेप्टो निघाला, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. औषधांनी बरे झाले, आम्हीही विसरलो. दीडेक महिन्याने उजवा डोळा लाल. मेडिकलवाल्याने ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब दिले. पण चिपडं नव्हती. नुसतं पाणी आणि ठणका, आणि आभाळ भरून आलेलं असतानाही बाबा खळ्यात डोळ्यावर पंचा धरून बसायचे. चहाची धार कपाबाहेर पडली तेव्हा मी त्यांना गाडीवर घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलं विचारलं, मध्ये ताप येऊन गेला का? लेप्टोनंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही डोळा आतून सुजतो. १९९३ च्या पुरानंतर मदुराईत असे रुग्ण मोठ्या संख्येने आले होते, हे त्यांच्याकडूनच कळलं.

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडचे थेंब, दर तासाला, बाटली नीट हलवून, कारण औषध तळाशी बसतं. शिवाय बाहुली मोठी ठेवणारे वेगळे थेंब. आठ दिवसांत बाबा समोरच्या माडावरचे नारळ मोजून दाखवायला लागले.

गणपतीला दादा मुंबईहून आला. बाटलीवरचं नाव मोबाईलवर शोधलं आणि म्हणाला, “ह्यां स्टेरॉइड आसा रे, डोळो जातलो.” दोन्ही थेंब बंद. थोरल्यापुढे माझं काही चाललं नाही, आणि तोवर लाली गेलीच होती. लाली गेली म्हणजे आतली सूज गेली असं नसतं! गणपती गेले, दादा गेला, आणि डोळा परत पेटला. या वेळी बाहुली गोल राहिली नव्हती. बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटून ती किड्याने खाल्लेल्या पानासारखी वाकडीतिकडी झाली होती. डोळ्याचं प्रेशर चढलं, पुढे मोतीबिंदू झाला. त्याच्या ऑपरेशनसाठीही आधी डोळा तीन महिने शांत राहायची वाट बघावी लागली.

नजर परत येते का? सुजेने किंवा मोतीबिंदूने गेलेली बरीचशी येते. प्रेशरने डोळ्यामागची नस सुकली तर तेवढी येत नाही. बाबांच्या उजव्या बाजूने कोणी आलं तर हाक मारल्याशिवाय त्यांना आजही कळत नाही.

दादा म्हणतो, स्टेरॉइडनेच प्रेशर वाढलं. स्टेरॉइडने प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदूही होऊ शकतो, म्हणून तर दर खेपेला तपासतात. पण त्याने थेंब बंद केले त्याच आठवड्यात प्रेशर व्यवस्थित होतं. तो कागद माझ्याकडे आहे.

एक सांगायचं राहिलं. हे थेंब मनाने आणूनही घालू नका. मळणीत भाताचं कुसळ लागून बुबुळावर जखम झाली असेल आणि तिच्यात बुरशी असेल, तर याच थेंबांनी डोळा जातो. आईला हे कशामुळे झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. टीबी असतो, सकाळी पाठ आखडणारा संधिवात असतो, कधी कारण सापडतही नाही, डॉक्टरांना विचारा. पुढच्या तपासणीला भावाला सोबत न्या आणि प्रेशरचा आकडा त्याच्यासमोर विचारा. आम्ही दादाला नेलं नव्हतं.