नळ्या बदलण्याआधी न्हाणीघरातला मिक्सर बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं मागचं दुखणं जसंच्या तसं समोर आलं. तुमचं गुहागरला घर, गच्चीवर २०० लिटरचा, काचेच्या २० नळ्यांचा सोलर वॉटर हीटर, तीन वर्षं उत्तम चालला. मग वरच्या मजल्यावर नवीन बाथरूम काढलं, आणि तेव्हापासून फेब्रुवारीच्या रणरणत्या उन्हातही नळाला पाणी जोरात येतं पण कोमट. सर्व्हिसवाला म्हणतो, सगळ्या नळ्या बदला. कृपा करून अजून पैसे देऊ नका.

ऊन-सावली, काचेवरची धूळ, तळाचा गाळ हे तुम्ही पाहिलंच असणार, त्यात शिरत नाही. नळ्यांच्या खालच्या टोकाला चांदीसारखा चकचकीत पट्टा आहे असं तुम्हीच लिहिलंय. तो बेरियमचा असतो. नळीच्या काचेतली निर्वात पोकळी गेली, हवा शिरली, की तो दुधासारखा पांढरा पडतो. एखाददुसरी नळी तशी निघाली तर तेवढीच बदलायची. वीसच्या वीस चकचकीत असताना वीसच्या वीस बदला म्हणणारा माणूस नळ्या न बघताच बोलतोय.

खरी खूण तुमच्या ‘जोरात’ या शब्दात आहे. सोलरची टाकी गच्चीवर, गरम पाणी फक्त उंचीच्या दाबाने खाली येतं. वरच्या मजल्यावर तर ते बेताचंच यायला हवं. तिथे गरम नळाला धो धो पाणी येत असेल तर त्यात थंड लाइनचं पाणी मिसळतंय असा माझा दाट संशय आहे. नवीन बाथरूमसाठी थंड लाइनवर प्रेशर पंप बसवलाय का, आणि तिथे मिक्सरला (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाला) हॅन्ड शॉवर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही असेल तर पुढचं नीट वाचा.

आमचं घर हर्णैजवळ. आम्हीही वर बाथरूम काढलं, शॉवरला जोर नाही म्हणून थंड लाइनवर पंप लावला. त्या मिक्सरला गरम-थंड असे दोन कान, म्हणजे फिरवायच्या चाव्या, आणि पुढे हॅन्ड शॉवर, त्याच्या मुठीवर बंद करायचं बटण. मुलं आंघोळ झाली की मुठीवरचं बटण दाबायची, दोन्ही कान उघडेच. म्हणजे पाणी बाहेर पडायला वाट नाही, पण मिक्सरच्या पोटात गरम आणि थंड लाइन एकमेकींना जोडलेल्या. पंपाच्या दाबाचं थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसायचं. कुणी खाली स्वयंपाकघरात गरम नळ सोडला की त्याला हेच पाणी मिळायचं. आणि नळ बंद असले की ते उलटं चढून थेट सोलरच्या टाकीत जायचं. दिवसभर उन्हाने तापवलेलं पाणी आम्ही रात्रीत स्वतःच्या हाताने थंड करत होतो.

माझी सगळ्यात मोठी चूक अशी की खूण डोळ्यांसमोर होती आणि मी ती वाचली नाही. सोलरच्या टाकीवर हवा आत-बाहेर जायला उघडी नळी असते, त्या हवेच्या नळीखाली, कठड्याच्या जांभ्यावर, शेवाळाचा हिरवा पट्टा होता. मी पावसाळ्यातलं समजून सोडून दिलं. पण एप्रिलमध्ये कोकणातल्या गच्चीवर ओलं शेवाळ राहील कसं? टाकीत उलटं शिरलेलं पाणी हवेच्या नळीतून बाहेर पडत होतं. ते दिसलं कुणाला, तर नारळ पाडायला आलेल्या गड्याला. झाडावरून त्याने हाक मारली, “भाऊ, सोलरच्या वरच्या नळीतून पाणी वाहतंय.” तेव्हा खाली पंप चालू होता.

तोवर चार महिने गेले होते आणि २० नळ्यांचे पैसेही. त्या सर्व्हिस सेंटरबद्दल आजही लिहिताना राग येतो. दर खेपेला व्हिजिटचे पैसे वेगळे. पहिल्यांदा आले, गच्चीवर पाच मिनिटं उभे राहिले, म्हणाले नळ्या. नळ्या बदलल्या, फरक शून्य. मग म्हणाले विहिरीचं पाणी मचूळ आहे, वॉरंटी बसत नाही. मचूळ पाण्याने टाकी आतून कुजते हे खरं, पण आमची टाकी गळत नव्हती, तक्रार होती पाणी गार असण्याची. शेवटी फोनवर सांगितलं, नवीन टाकीचं कोटेशन पाठवतो. एकाही माणसाने न्हाणीघरात पाऊल टाकलं नाही. आणि त्या चार महिन्यांत आई, वयाच्या पंचाहत्तरीत, पहाटे मागच्या पडवीत चूल पेटवून हंडा तापवत होती. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

आता तपासणी. मी प्लंबर नाही, आमच्या घरात जे केलं तेच सांगतोय. तुमची जोडणी वेगळी असू शकते, तेव्हा जाणता माणूस सोबत ठेवा. संध्याकाळी आधी गरम पाण्याचं तापमान मोजून ठेवा, मग टाकीतून निघणाऱ्या गरम लाइनचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा (तो हवेच्या नळीच्या पुढे, घराच्या बाजूला असला पाहिजे). खाली येऊन गरम नळ सोडा. पाइपातलं उरलेलं पाणी संपून धार थांबली तर ठीक. धार चालूच राहिली तर ते पाणी सोलरचं नाहीच, थंड लाइनचं आहे. मग एकेक मिक्सरचे कान बंद करत जा, चोर सापडेल.

तो व्हॉल्व्ह रात्रभर बंदच राहू द्या. सकाळी उघडा, सगळे मिक्सर बंद ठेवून एकच साधा नळ सोडा, बादली-दोन बादली जाऊ द्या आणि मग तापमान घ्या. तापाचा थर्मामीटर नको, तो ४२ अंशांपर्यंतच जातो. प्रयोगशाळेतला काचेचा घ्या. आदल्या संध्याकाळपेक्षा पाच-सात अंशच उतरले असतील तर टाकी ठणठणीत आहे, दोष खाली आहे. व्हॉल्व्ह बंद असूनही पाणी गार झालं असेल तरच टाकीच्या आतल्या पफकडे, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमकडे वळा.

एक मात्र करू नका. टाकीत येणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून दिवसा टाकी रिकामी करू नका. कोरड्या नळ्या उन्हात २०० अंशांच्या आसपास तापतात, त्यावर गार पाणी आलं की काच फुटते. भरायचं ते पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर.

उपाय स्वस्त होता. मिक्सरला जाणाऱ्या गरम फाट्यावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवला, झडपेचा, आडव्या पाइपात. स्प्रिंगचा बसवू नका, सोलरच्या कमी दाबाने तो धड उघडत नाही. आमच्याकडे विहिरीच्या पाण्याच्या गाळाने झडप अडकते, म्हणून वर्षातून एकदा उघडून साफ करतो. आणि कान बंद करायची सवय घरात सगळ्यांना लावली. माझं स्पष्ट मत, फक्त थंड लाइनवर पंप लावूच नये. कुणी सुचवेल की सोलरला येणाऱ्या पाण्यावरही पंप लावा, तर साध्या टाकीला तो दाब झेपत नाही, फाटते.

जाता जाता पावसाळ्याचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलर तेव्हा झोपलेलाच. त्यातला २ किलोवॅटचा हीटर लावून २०० लिटर २७ वरून ६० अंशांवर न्यायचे तर जवळपास चार तास आणि साडेसात युनिट लागतात. व्होल्टेज १७० वर आलं की तोच हीटर निम्म्याच ताकदीने चालतो, म्हणजे सात तास. त्यापेक्षा १५ लिटरचा छोटा गीझर वेगळा ठेवा. लाकूडफाटा असेल तर बंब आहेच.

आणि स्टॅन्डचे बोल्ट मे महिन्यात बघून घ्या. खाऱ्या वाऱ्याने ते आतून गंजतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले दोन सोलर स्टॅन्डसकट खाली आले.

आज संध्याकाळी पंप चालू असताना कुणाला तरी गच्चीवर उभं करा. हवेच्या नळीखालची भिंत ओली आहे का, तेवढं कळवा. मग पुढचं बोलू.